कादंबरी तुमची, पैसे तुमचे; मग हक्क कुणाचे?

निवृत्तीनंतर पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. कुणी शिक्षक, कुणी बँकेत काम केलेले, कुणी परिचारिका, कुणी मुले मार्गी लागल्यावर साठीत लिहायला बसलेल्या गृहिणी. विषय प्रत्येकाचा वेगळा, पण गाडी अडते एकाच ठिकाणी. हस्तलिखित पूर्ण आहे, तीन प्रकाशकांकडे पाठवून झाले आहे. एकाचे उत्तरच आले नाही. दुसऱ्याने ‘सध्या नव्या लेखकांच्या कादंबऱ्या घेत नाही’ असे कळवले. तिसऱ्याने आठवडाभरात होकार दिला आणि सोबत एक आकडाही कळवला : ‘एवढी रक्कम भरा, पाचशे प्रती काढू, प्रकाशन समारंभही करून देऊ.’ भरावी का?

स्वतःच्या पुस्तकावर स्वतः पैसे खर्च करण्यात कमीपणा काहीच नाही. पण पैसे तुम्ही घालणार असाल तर प्रकाशकही तुम्हीच व्हा. पुस्तकाचे हक्क, छापलेल्या प्रती आणि संगणकावरच्या फाइली तुमच्याच ताब्यात राहिल्या पाहिजेत. पुढचे सगळे मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती आहे.

आधी ओळखा : समोरचा नेमका कोण आहे?

‘प्रकाशक’ या एका नावाखाली तीन वेगवेगळे व्यवहार चालतात.

- पारंपरिक प्रकाशक. सगळा खर्च तो करतो, जोखीम त्याची. लेखकाला विक्रीवर रॉयल्टी मिळते, बहुधा छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. निर्णयाला सहा महिने ते वर्ष लागू शकते. तुमची थांबायची तयारी असेल तर हा दरवाजा आधी जरूर ठोठावा.
- पैसे घेऊन प्रकाशित करणारा. खर्च तुमचा, पण पुस्तकावर नाव, आयएसबीएन आणि बऱ्याचदा हक्कही त्याचे. पुस्तक विकले गेले नाही तरी त्याचा नफा आधीच सुटलेला असतो, त्यामुळे विक्रीसाठी धडपडण्याचे त्याला कारण उरत नाही. सगळेच फसवतात असे नाही. पण हा सौदा लेखकाच्या बाजूचा नाही, हे समजूनच त्यात शिरा.
- सेवा देणारा. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, छपाई, वितरण यांपैकी जे हवे ते तुम्ही विकत घेता. हक्क तुमचेच राहतात. तुमच्या गावातला चांगला मुद्रक या गटात येतो. चेन्नईची नोशन प्रेस किंवा बंगळूरची पोथी डॉट कॉम यांसारखी ऑनलाइन व्यासपीठेही यातच मोडतात.

पहिला मार्ग मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर तिसरा धरा. दुसऱ्या मार्गाने जायचे असेल तर खाली ‘करार’ या भागात सांगितलेली कलमे तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

वैयक्तिक नावाने पुस्तक प्रकाशित करायला प्रकाशनसंस्था नोंदवावी लागत नाही. श्रेयपृष्ठावर ‘प्रकाशक’ म्हणून तुमचे नाव आणि पत्ता छापला की तुम्ही प्रकाशक.

आकडा कागदावर मांडा

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या गावातले दर विचारून ते बदला.

समजा, कादंबरी २२४ पानांची आहे आणि छापील किंमत ३०० रुपये ठेवली. एक प्रत छापायला ११० रुपये लागतात. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचा एकदाच होणारा खर्च ४०,००० रुपये. वितरकाला साधारण ४० टक्के सूट द्यावी लागते, काही जण ५० टक्केही मागतात. ४० टक्के धरले तर हातात १८० येतात, छपाई वजा जाता ७० उरतात. म्हणजे ते ४०,००० परत मिळायला सुमारे ५७० प्रती दुकानांतून विकल्या जायला हव्यात. तीच प्रत तुम्ही ओळखीच्या वाचकाला २० टक्के सवलतीत थेट विकली तर २४० येतात, १३० उरतात, आणि सुमारे ३१० प्रतींत मेळ बसतो. टपालखर्च वाचकाने दिला, असे यात धरले आहे.

हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी केला की दोन गोष्टी आपोआप कळतात. पहिली म्हणजे नव्या लेखकाचा आधार थेट विक्री हाच आहे. दुसरी म्हणजे ‘पुस्तकाच्या विक्रीतून पैसे निघतील’ या भरवशावर ग्रॅच्युइटी किंवा मुदत ठेव मोडता कामा नये. एक रुपयाही परत आला नाही तरी औषधपाण्याला आणि घरखर्चाला धक्का लागणार नाही, एवढीच रक्कम बाजूला काढा. ती कमी असेल तर प्रती कमी छापा. संपादनावर मात्र काटछाट करू नका.

करांबद्दल थोडक्यात. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही आणि केवळ करमुक्त वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मुद्रकाच्या बिलात मात्र कर लागतो. दर विचारताना ‘करासहित किती?’ असे विचारा. लेखकाच्या रॉयल्टीवर जुन्या करपद्धतीत तीन लाख रुपयांपर्यंत वजावटीची तरतूद आहे, पण स्वतः छापून विकलेल्या प्रतींचा नफा म्हणजे रॉयल्टी नव्हे. विवरणपत्र भरताना सीएंना हा फरक सांगा.

हस्तलिखितापासून छपाईच्या फाइलीपर्यंत

फुलस्केप कागदावर हाताने लिहिले असेल तर त्याची आधी छायाप्रत काढा आणि टंकलेखनाला छायाप्रतच द्या. स्वतः टाइप करायचे असेल तर मोबाइलवरचा गुगलचा कीबोर्ड मराठी बोललेले लिहून घेतो. डोळ्यांचा किंवा बोटांचा त्रास असलेल्यांना तो फार उपयोगी पडतो. विरामचिन्हे मात्र नंतर हाताने घालावी लागतात. बोलताना वाक्ये लांबत जातात, तीही पुन्हा वाचून आटोक्यात आणा.

त्यानंतर कादंबरी तीन-चार जणांना वाचायला द्या. यांत घरचे नकोत. घरचे लोक प्रेमापोटी वाचतात आणि ‘छान आहे’ म्हणतात. गावातल्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल, नियमित कादंबऱ्या वाचणारा जुना सहकारी, तुमच्या विषयाशी काही संबंध नसलेला तरुण वाचक, असे लोक निवडा. ‘कशी वाटली?’ असे विचारू नका. ‘कुठे कंटाळा आला? कुठली पात्रे एकमेकांत मिसळली? कुठे वाचन थांबवले?’ असे विचारा. तिघांनी एकाच प्रकरणावर बोट ठेवले तर ते प्रकरण पुन्हा लिहायला घ्या.

यानंतर संपादक. संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन वेगळी कामे आहेत. संपादक कथानकातल्या त्रुटी, पाल्हाळ, काळाचे घोळ, संवादांतला कृत्रिमपणा दाखवतो. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे आणि जुळणीतल्या चुका पाहतो. एकच माणूस दोन्ही ‘एका हाताने’ करून देतो म्हणाला तर आधी दहा पानांचा नमुना मागा आणि त्या नमुन्याचे पैसे द्या. नमुन्यात फक्त वेलांट्या दुरुस्त झाल्या असतील तर तो मुद्रितशोधक आहे, संपादक नव्हे. स्वतःसाठी अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ टेबलावर ठेवा. निम्म्या शंका तिथेच मिटतात.

आता एक अडचण जरा जवळून पाहा, कारण पहिल्यांदा पुस्तक काढणाऱ्यांना तिची कल्पना नसते. तुम्ही मोबाइलवर किंवा संगणकावर टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. अनेक डीटीपीवाले आजही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पाने लावतात. मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना काही अक्षरे मोडतात. सगळ्यात आधी बळी जातो तो ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’चा : ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘वऱ्हाड’ हे शब्द तुटके किंवा चुकीच्या रफारासह दिसतात. त्याखालोखाल ‘ॲ’ आणि ‘ऑ’ : ‘ॲम्ब्युलन्स’चा पहिला स्वर कधी गायब होतो, कधी त्याच्या जागी चौकोन येतो. तुम्ही दिलेली फाइल निर्दोष असली तरी पान लावल्यावर या चुका नव्याने शिरतात. म्हणून :

- पान लावून झाल्यावर संपूर्ण प्रूफ पुन्हा वाचा, आणि शेवटचे प्रूफ कागदावरच वाचा.
- वर दिलेले ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ असलेले शब्द वेगळे शोधा.
- पात्रांच्या आणि गावांच्या नावांची यादी शेजारी ठेवा. ‘सुमती’ची ‘सुमति’ झाली की वाचकाच्या लगेच ध्यानात येते.
- प्रूफ एकट्या लेखकानेच वाचू नये. आपण लिहिलेले आपल्याला पाठ असते, त्यामुळे सुटलेला शब्दही डोळ्यांना दिसतो. एक वाचन दुसऱ्या माणसाकडून करून घ्या.
- काम संपल्यावर तीन गोष्टी मागून घ्या : छपाईची पीडीएफ, पाने लावलेली मूळ फाइल आणि अंतिम दुरुस्त्यांसह युनिकोड मजकूर. या तिन्ही मिळतील, हे काम ठरवतानाच लिहून घ्या. पुढे ई-बुक किंवा दुसरी आवृत्ती काढताना या फाइली नसल्या तर सगळा खर्च पुन्हा होतो.

मुखपृष्ठासाठी इंटरनेटवरचे चित्र उचलू नका. चित्रकाराकडून चित्र घ्या, पैसे द्या आणि ते ई-बुक, जाहिरात, पुढच्या आवृत्त्या यांसाठीही वापरता येईल असे दोन ओळींत लिहून सही घ्या.

खऱ्या माणसांवर आणि दुसऱ्याच्या ओळींवर

उतारवयातल्या पहिल्या कादंबरीत बहुतेक वेळा स्वतःचे गाव, भाऊबंदकी किंवा कार्यालय असते. ती तिची ताकद आहे आणि धोकाही. ‘यातील पात्रे काल्पनिक आहेत’ ही ओळ छापली म्हणून संरक्षण मिळते, असे समजू नका. नाव बदलले पण वाडा, हुद्दा, पायातला दोष आणि दुसरे लग्न तसेच ठेवले, तर गाव त्या माणसाला ओळखणारच. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो. मृत व्यक्तीबद्दलचा मजकूरही त्यात येऊ शकतो, जर तो नातलगांच्या भावना दुखावण्यासाठी लिहिलेला असेल. अशा पात्राचे तीन-चार ओळख पटवणारे तपशील मुळातून बदला. दोन माणसांचे गुण एकत्र करून एक पात्र घडवा. बहुतेक वेळा त्याने कादंबरीही सुधारते.

गुप्तचर किंवा सुरक्षाविषयक केंद्रीय संघटनांतून निवृत्त झालेल्यांना, २०२१ मध्ये निवृत्तिवेतन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, त्या संघटनेच्या कामाशी संबंधित लेखनासाठी पूर्वपरवानगी लागते. अजून नोकरीत असाल तर आपले वर्तणूक नियम वाचा.

प्रकरणाच्या सुरुवातीला आवडत्या कवितेच्या ओळी घालण्याची हौस अनेकांना असते. भारतात साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ग. दि. माडगूळकरांचे निधन १९७७चे, म्हणजे त्यांची गीते २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. त्यांच्या कविता २०५९ अखेरपर्यंत. केशवसुत (१९०५), बालकवी (१९१८) आणि साने गुरुजी (१९५०) यांचे लेखन मात्र मुक्त झालेले आहे. संतांचे अभंगही मुक्तच, पण एखाद्या आधुनिक संपादित प्रतीतील प्रस्तावना आणि टीपा मुक्त असतीलच असे नाही. संरक्षित ओळी हव्याच असतील तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. गाणे कुठले ते पात्राच्या तोंडून नुसते सांगितले तरी प्रसंग उभा राहतो आणि परवानगीही लागत नाही.

करार : सही करण्यापूर्वी

मराठीत अजूनही कित्येक व्यवहार तोंडी होतात. ‘आपण घरचेच आहोत’ असे ऐकलेत तरी लेखी करार मागा. कॉपीराइट कायदा १९५७ लेखकाच्या बाजूने बरेच काही सांगतो. कलम १९नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच हवे. त्यात कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे स्पष्ट असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊनही समोरच्याने ते एका वर्षात वापरले नाहीत तर, करारात वेगळे काही नसल्यास, ते हस्तांतरण संपुष्टात येते. कलम ५७ तर हक्क विकल्यानंतरही तुमच्यासाठी लागू राहते : लेखक म्हणून आपले नाव लावले जाण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा तो हक्क आहे.

पैसे तुम्ही देत असाल आणि मसुद्यात असे वाक्य दिसले, तर तिथे थांबा :

‘सदर साहित्यकृतीचे सर्व प्रकारचे व सर्व भाषांतील हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील.’

या एका वाक्यात अनुवाद, श्राव्य पुस्तक, नाटक, चित्रपट, वेबमालिका हे सगळे जाते. त्याऐवजी असे लिहायला सांगा : ‘मराठी छापील पहिल्या आवृत्तीच्या अमुक प्रती छापून देण्यापुरतेच हे काम आहे, कॉपीराइट आणि इतर सर्व हक्क लेखकाकडे आहेत.’ समोरचा याला तयार नसेल तर व्यवहार सोडा. दुसरा मुद्रक मिळेल.

आणखी काय तपासायचे :

- छापलेल्या सर्व प्रती कुणाच्या? तुमच्या पैशांनी छापलेल्या पाचशेपैकी शंभरच तुम्हाला, आणि उरलेल्या तुम्हालाच सवलतीत विकत घ्याव्या लागणार, असेही मसुदे असतात.
- कागद कोणता, किती जीएसएम, बांधणी शिवलेली की नुसती चिकटवलेली?
- पैशांचे हप्ते. सुरुवातीला एक भाग, प्रूफ मंजूर झाल्यावर दुसरा, प्रती हातात आल्यावर उरलेला. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. रोखीने तर मुळीच नको.
- ‘देशभर वितरण’ म्हणजे काय? संकेतस्थळावर नुसती नोंद की दुकानांत प्रत्यक्ष प्रती? दुकानांची नावे मागा आणि त्यांतल्या एखाद्याला फोन करून खात्री करा.
- ‘पुरस्कार मिळवून देऊ’ अशा आश्वासनासाठी वेगळी रक्कम मागितली तर तो प्रस्ताव तिथेच नाकारा.

आणि ही गोष्ट वयाला धरून आहे, म्हणून थेट बोलतो. तुमच्यानंतर ६० वर्षे या पुस्तकाचा हक्क तुमच्या वारसांकडे असणार आहे. मृत्युपत्र केलेले असेल तर त्यात कॉपीराइट कुणाकडे जावा, हे एका वाक्यात लिहा. तीन मुलांत विभागण्यापेक्षा ज्याला वाचनाची आवड आहे अशा एकाचे नाव परवानग्या देण्यासाठी ठरवलेले बरे. कादंबरी अजून अप्रकाशित असेल आणि हस्तलिखित मृत्युपत्राने कुणाला दिले, तर वेगळे काही नमूद नसल्यास कॉपीराइटही त्या व्यक्तीकडे जातो. फाइली कुठे आहेत आणि ई-बुकचे खाते कोणत्या ईमेलवर आहे, हेही घरात कुणाला तरी माहीत असू द्या.

आयएसबीएन, नोंदणी आणि चार ग्रंथालये

आयएसबीएन हा पुस्तक ओळखण्याचा १३ अंकी क्रमांक आहे. तो म्हणजे कॉपीराइट नव्हे आणि सरकारी मान्यताही नव्हे. भारतात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो विनामूल्य देते. लेखक स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करू शकतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पुस्तकाची शीर्षकपाने तयार ठेवा आणि छपाईच्या बऱ्याच आधी अर्ज करा. छापील पुस्तक आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. कुणी ‘आयएसबीएन शुल्क’ मागितले तर ते अर्ज भरून देण्याच्या श्रमाचे आहे, क्रमांकाचे नाही. शिवाय दुसऱ्याच्या खात्यातला क्रमांक घेतला तर नोंदीत प्रकाशक म्हणून त्याचे नाव राहते.

कॉपीराइट लिहिता क्षणीच तुमचा असतो. नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीसाठी तिचे शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. वाद झाला तर ती चांगला पुरावा ठरते. स्वतःच्याच पत्त्यावर हस्तलिखिताचे टपाल पाठवून पाकीट न उघडता ठेवण्याची जुनी पद्धत मात्र नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

आणि एक कर्तव्य, जे स्वतः प्रकाशक झालेले बहुतेक जण विसरतात. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत एकेक प्रत चार ठिकाणी स्वखर्चाने पाठवायची असते : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय, मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. हे आनंदाने करा. तुमची कादंबरी देशाच्या संग्रहात कायमची जाते.

किती प्रती छापाव्यात?

डेमी आकाराच्या पानावर मराठीचे साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. साठ हजार शब्दांची कादंबरी सव्वादोनशे पानांच्या आसपास जाते. ऑफसेट छपाईत पाने सोळा-सोळाच्या फॉर्मने मोजतात. म्हणून २२४ पाने (१४ फॉर्म) सोयीची, पण २२७ झाली तर कोरी पाने वाढतात किंवा कापाकापी करावी लागते. ऋणनिर्देश, अर्पणपत्रिका, मनोगत धरून हा मेळ आधीच बसवा.

ऑफसेट तीनशे-पाचशे प्रतींच्या पुढे स्वस्त पडते. डिजिटल छपाईत प्रतीमागे खर्च जास्त, पण ५० किंवा १०० प्रतीही काढता येतात. माझा सल्ला स्पष्ट आहे : पहिल्या खेपेला डिजिटलवर १०० प्रती. त्या संपल्या, उरलेल्या चुका सापडल्या, की दुरुस्त फाइलवरून पुढची खेप. हजार प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली ठेवले तर दोन पावसाळ्यांत दमट होतात, वाळवीची भीती वेगळीच.

ई-बुक

ॲमेझॉनच्या किंडल व्यासपीठावर मराठी ई-बुक विनाशुल्क टाकता येते. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवी असेल तर ‘सिलेक्ट’ योजनेत जावे लागते, आणि त्या ९० दिवसांत तेच ई-बुक दुसरीकडे कुठेही, अगदी फुकटसुद्धा, ठेवता येत नाही. पुण्याच्या बुकगंगावर छापील आणि ई-बुक दोन्ही विकता येतात; परदेशातल्या मराठी वाचकांची तिथे सवय आहे. पैशांपेक्षा वाचक हवे असतील तर प्रतिलिपीवर क्रमशः प्रसिद्ध करणे किंवा ई साहित्य प्रतिष्ठानकडे विनामूल्य ई-पुस्तकासाठी देणे, हेही चांगले पर्याय आहेत. फक्त आधी ठरवा : एकदा फुकट वाटलेले पुस्तक पुन्हा विकत घेणारे फार थोडे असतात, आणि काही स्पर्धा आधी प्रसिद्ध झालेला मजकूर स्वीकारत नाहीत.

पुस्तक वाचकापर्यंत

प्रकाशन समारंभावर हॉल, शाल-श्रीफळ, चहापाणी यांत जो पैसा जातो, त्यात शंभर प्रती सहज छापून होतील. समारंभ करायचाच असेल तर गावातल्या ग्रंथालयात करा आणि त्याच दिवशी विक्रीचे टेबल मांडा, त्यावर सुट्ट्या पैशांची आणि क्यूआर कोडची सोय ठेवा. आप्तांना फुकट प्रती वाटू नका. सवलत द्या, विकत घेतलेले पुस्तक वाचले जाते. टपालाने पाठवताना टपाल खात्याच्या ज्ञानपोस्ट सेवेत तुमचे पुस्तक बसते का, हे कार्यालयात आधी विचारा. बसले तर खर्च बराच वाचतो.

कादंबरीतले स्वतंत्र वाचता येईल असे प्रकरण दिवाळी अंकांकडे पाठवा. संपादकांची जुळवाजुळव पावसाळ्याच्या सुरुवातीलाच चालू होते, त्यामुळे गणपतीनंतर पाठवलेले बहुधा उशिराचे ठरते. महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद, कोकण मराठी साहित्य परिषद यांच्या तुमच्या भागातल्या शाखेचे सभासद व्हा. तिथे तुमच्यासारखेच लिहिणारे भेटतात आणि चांगला मुद्रितशोधक कोण, हे तिथेच कळते.

सार्वजनिक ग्रंथालये हा मराठी कादंबरीचा सगळ्यात मोठा आधार आहे. राज्याचे ग्रंथालय संचालनालय दरवर्षी निवडक पुस्तकांची यादी तयार करते आणि त्यासाठी प्रती मागवते. स्वतः प्रकाशक असलेल्यानेही ते आवाहन लक्ष ठेवून पाहावे. तालुक्यातल्या ग्रंथालयांत मात्र स्वतः जा, ग्रंथपालांना भेटा, एक प्रत दाखवा. दुकानात विक्रीसाठी ठेवलेल्या प्रतींची संख्या, सूट आणि हिशेबाची तारीख चलनावर लिहून दुकानदाराची सही घ्या आणि दर तीन महिन्यांनी फोन करा.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या दोन गोष्टी नोंदवून ठेवा. पहिल्या पुस्तकाच्या हस्तलिखितासाठी नवलेखक अनुदान योजना आहे. तिचा विचार छपाईच्या आधीच करावा लागतो, म्हणून त्या वर्षीच्या अटी आत्ताच वाचा. आणि राज्य वाङ्मय पुरस्कारांत लेखकाच्या पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. त्याच्या प्रवेशिका कॅलेंडर वर्षात प्रकाशित झालेल्या पुस्तकांसाठी असतात आणि वर्ष संपता संपता मागवल्या जातात. छपाई डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येत असेल तर प्रवेशिकेची मुदत गाठणे अवघड होते. मुद्रकाशी बोलून प्रकाशनाची तारीख जानेवारीत घ्या आणि श्रेयपृष्ठावर पहिल्या आवृत्तीचे वर्ष तेच छापा.